घरून धंदा आणि दिवसाचे तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापड-कुरड्या, मसाले, शेवया, लोणची, शिलाई, पिको-फॉल असे धंदे विदर्भातल्या खेड्यांत घरूनच चालतात. ते चालवणाऱ्या बायामाणसांकडून वेळेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शहरी वेळापत्रकांचे सल्ले आपल्याकडे टिकत नाहीत. आपला दिवस घड्याळाच्या आधी ऊन, लाईन, पाणी आणि वावरातलं काम ठरवतं. उत्तरं तेवढं धरूनच दिली आहेत.

१. दिवसभर हात रिकामा नसतो, तरी संध्याकाळी धंद्याचं काम झालेलं दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी एक आठवडा फक्त लिहा, काहीही बदलू नका. लेकरांची जुनी वही घ्या. पाणी भरलं, डबा केला, गाय सोडली, मशीनवर बसले, उठले, दळण आणलं, पुन्हा बसले, असं वेळेसकट मांडा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, ती आवडीने लिहिते.

हे आळसाचं दुखणं नाही, ते मनातून काढा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायांची त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. म्हणजे धंद्याला हात लागण्याआधीच पाच तास संपलेले असतात.

आठवडाभराची वही समोर घेतली की एक गोष्ट बहुतेकींना दिसते: वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांत. त्यातले न तुटणारे दोन तुकडे शोधा. बहुतेक घरांत एक लेकरं शाळेत गेल्यावर दुपारच्या जेवणापर्यंत निघतो आणि दुसरा पहाटेचा. दोनच, पण दररोज तेच. हे तुकडे घरात सगळ्यांना सांगून घ्या. उरलेल्या वेळात धंदा करायचा म्हटलं तर वेळ उरतच नाही.

२. पहाटे उठून काम करावं की रात्री जागून?

काम बघून ठरवा. रंग जुळवायचा, कापड कापायचं, मीठ-मसाल्याचं माप घ्यायचं, हिशेब करायचा अशी चूक महागात पडणारी कामं डोकं ताजं असताना. हूक-काज, तुरपाई, पाकिटं भरणं रात्री चालतं. रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालायला बसू नका. सकाळी उसवावं लागतं आणि वेळ दुप्पट जातो.

उन्हाळ्यात मात्र पर्याय नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपात टिनाच्या घरात दुपारी मशीनवर बसणं म्हणजे तब्येत घालवणं. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत कामाचे तास पहाटे साडेचार-पाच ते दहा, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. दुपार झोपेची. ती झोप कामाचाच भाग माना आणि त्याबद्दल कोणाला उत्तर देऊ नका.

३. लाईन कधी जाईल याचा नेम नाही. मग वेळापत्रक करून काय उपयोग?

वेळापत्रक नको, दोन याद्या करा: लाईन असताना करायची कामं आणि लाईन नसताना करायची कामं. शिलाईवाल्यांच्या पहिल्या यादीत मोटरवरची शिलाई, पिको, इस्त्री. दुसरीत माप टाकणं, कटिंग, तुरपाई, हूक, जुनी उधारी मांडणं. मसालेवाल्यांच्या पहिल्या यादीत दळणं, पाकिटं सील करणं. दुसरीत मिरचीची देठं खुडणं, धने निवडणं, लेबल चिकटवणं. लाईन आली की पहिली यादी, गेली की दुसरी. कोणतं काम आधी याचा विचारच करावा लागत नाही, आणि अंधारात बसून वाट बघण्यात जाणारा वेळ वाचतो.

दोन बारीक गोष्टी. मशीनला मोटर बसवली तरी पायडल आणि पट्टा काढून टाकू नका. आणि घर वावरात असेल, म्हणजे वीज शेतीपंपाच्या फीडरवरून येत असेल, तर थ्री फेजची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते. गावच्या लाईनमनला विचारून ती पाळी भिंतीवर लिहून ठेवा. थ्री फेजवरची चक्की किंवा कांडप लावण्याआधी हे कळून घेणं फार गरजेचं आहे. मशीन घेतल्यावर कळलं तर रात्री दोनला उठून मिरची कुटावी लागते.

नळ दिवसाआड किंवा चार दिवसांनी येत असेल तर तोही असाच भिंतीवर. नळाच्या दिवशी धंद्याचं जड काम ठेवायचंच नाही.

४. पापड-कुरड्यांच्या हंगामात ऑर्डर एकदम येतात आणि सगळा गोंधळ होतो. नियोजन कसं करायचं?

उलट्या बाजूने मोजा. माल कधी द्यायचा ते धरून मागे या.

कुरडई घ्या, कारण तिच्यात सुटका नसते. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी काढून पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून स्लॅबवर घालायचा. सोमवारी सकाळी गहू भिजवला तर गुरुवारी चीक, शुक्रवारी पहाटे घालणं. याचा अर्थ गहू पाण्यात पडला त्या क्षणी तुमची शुक्रवारची पहाट विकली गेली. म्हणून प्रश्न "आज गहू भिजवू का" असा नसतो, "शुक्रवारी मी, माझ्या हाताखाली एक बाई आणि कडक ऊन, तिन्ही आहेत का" असा असतो. शुक्रवारी भाचीची हळद असेल तर सोमवारी डब्याला हात लावू नका.

ऊन कसं कळणार? मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात अवकाळी आणि गारपीट नवी नाही. हवामान खात्याचं मेघदूत ॲप मराठीत आहे आणि जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज देतं. गहू भिजवण्याआधी शुक्रवार त्या अंदाजात येतो का ते बघा. कुरडईसाठी याहून सोयीचं काही नाही. अंदाज चुकला आणि चीक तयार असताना आभाळ भरून आलं, तर चीक थांबवू नका, आंबतो. जेवढं पंख्याखाली मावेल तेवढंच पातळ घालून दुसऱ्या दिवशी उन्हात काढा. उरलेला शिजवून दूध-साखरेसोबत लेकरांना द्या. ऑर्डरचा तोटा ग्राहकाला त्याच दिवशी कळवा (प्रश्न १२ बघा).

पापडाचं गणित सोपं आहे, कारण तो थांबवता येतो. उडदाचं पीठ, पापडखार, मिरं एकदाच तालुक्याहून आणून ठेवा आणि किती किलो एका दिवसात लाटून होतं ते प्रामाणिकपणे मोजा. मदतीला बाया आल्या त्या दिवशीचं नाही, साध्या दिवशीचं. हंगामात हाती असलेल्या दिवसांतून लग्नं, बाजार आणि दुखण्याचे दिवस वजा करा. उरलेल्या दिवसांनी त्या किलोच्या आकड्याला गुणा. जे येईल तेवढ्याच किलोच्या ऑर्डर घ्यायच्या. हा आकडा हिरव्या शाईने मोठा लिहून ठेवा. तो भरला की नवीन माणसाला सांगायचं, "या वर्षी भरलं, पुढच्या वर्षी होळीआधी सांगा." सरगुंडे, मुगवड्या, शेवया यांचा हिशेबही असाच, फक्त दिवस कमी लागतात.

रुखवताच्या ऑर्डरी लग्नाच्या तारखेवर नाही, तारखेच्या आधी आठ दिवसांवर घ्या. लग्नघरात शेवटच्या आठवड्यात माल ठेवायला कोणाला भान नसतं, आणि तुमच्या हाताशीही आठ दिवस राहतात.

५. पेरणी, निंदण, वेचणीच्या दिवसांत धंदा बंदच पडतो. काय करावं?

बंद पडू देऊ नका, लहान करा. वर्षाचं पान एकदा मांडून बघा. जून-जुलैत पेरणी, मग निंदण. पोळा आणि महालक्ष्म्यांना घर पाहुण्यांनी भरलेलं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, ऑक्टोबरपासून कापूस वेचणी, पुढे तूर. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये आणि कापणी नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे तिथला मोकळा काळ वेगळा. तुमच्या गावाचं पान तुम्हीच मांडा, कोणाचं उचलू नका.

गर्दीच्या महिन्यांत एकच वस्तू चालू ठेवा, जी संध्याकाळच्या तासाभरात होते. शिलाईवाल्यांनी फक्त फॉल-पिको, पापडवाल्यांनी उन्हाळ्यात करून ठेवलेल्या मालाची विक्री, मसालेवाल्यांनी एखादी चटणी. ग्राहक हातातून जातो तो माल नसल्यामुळे कमी आणि कोणी उत्तर न दिल्यामुळे जास्त. "दिवाळीपर्यंत फक्त पिको करते, ब्लाऊज तुळशीच्या लग्नानंतर" एवढं सगळ्यांना कळवलेलं पुरतं.

आपल्याकडचं पीकही यात कामाला येतं. समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्या भागात राहत असाल तर नवा माल निघतो त्या आठवड्यांत बाकी सगळं बाजूला ठेवून वर्षाची खरेदी आणि साफसफाई उरका. पुढचे कितीतरी महिने मालामागे धावण्याचा वेळ वाचतो.

६. वेचणीला गेलं की संध्याकाळी रोख हातात पडते. धंदा सोडून जायचं की नाही?

तासाचा हिशेब करा, दिवसाचा नको. समजा वेचणीचा दर किलोला १० रुपये आहे आणि तुम्ही ४० किलो वेचता, तर ४०० रुपये झाले. पण घरातून निघून परत येईपर्यंत नऊ तास गेले, म्हणजे तासाला साधारण ४४ रुपये. साध्या ब्लाऊजचे दोरा-हूक वजा जाता १३० रुपये सुटत असतील आणि दोन तास लागत असतील, तर तासाला ६५. दर तुमच्या गावचे टाका, पद्धत हीच.

पण शिलाईचे ६५ रुपये ऑर्डर हाती असेल तरच खरे आहेत. ऑर्डर नसताना घरी बसून राहण्यापेक्षा वेचणी बरी. आठवड्यात तीन दिवस वावर, तीन दिवस मशीन असं वाटून घेणाऱ्या बाया दोन्हीकडचं सांभाळतात. स्वतःच्या वावरातली वेचणी असेल तर हा हिशेब लागूच होत नाही. पावसाचा थेंब पडायच्या आत कापूस घरात आला पाहिजे.

७. घरात बसलेली दिसते म्हणून सगळे काम सांगतात. शेजारणीही येऊन बसतात. नाही कसं म्हणायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.

घरच्यांना "मला वेळ द्या" असं म्हणून उपयोग होत नाही, कारण वेळ कोणाला दिसत नाही. ऑर्डर दिसते. "आई, पाटलीणबाईंचे पाच ब्लाऊज गुरुवारी द्यायचे आहेत, साडेसातशे येतील. अकरा ते दीड मी उठणार नाही, चहाचं तुम्ही बघाल का?" असं सांगितलं की सासूबाईंना काम, तारीख आणि पैसे, तिन्ही कळतात. विचारणंही मानाने होतं. पैसे आले की त्यांच्यासमोर मोजा. महिन्या-दोन महिन्यांत त्याच दारातून हाक मारणाऱ्याला "सून कामात आहे" म्हणून परत पाठवू लागतात. हे मी अनेक घरांत बघितलं आहे.

नवऱ्याकडे सगळ्या घरकामात मदत मागू नका, ती चार दिवस मिळते. एकच काम कायमचं द्या. दळण आणणं, किंवा सकाळी लेकरांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं. ते काम तुमच्या यादीतून पूर्ण जायला हवं. आठवण करून द्यायचं कामही तुमच्याकडे राहिलं तर काही सुटलं नाही असं समजा.

शेजारणींना तोडू नका. खेड्यात तेच आपलं बळ आहे आणि निम्मे ग्राहकही त्यांच्याकडूनच येतात. मशीन सपरीत दाराकडे तोंड करून असेल तर भिंतीकडे फिरवा. येणारी बाई नजरानजर होईपर्यंत बसत नाही. बसलीच तर "काकू, तुम्ही बोला, माझे हात चालू राहू द्या" म्हणा, आणि लसणाची टोपली पुढे सरकवा. गप्पाही होतात आणि लसूणही सोलला जातो. मात्र माप घेण्याच्या आणि मसाला तोलण्याच्या वेळी गप्पा बंद, तिथे स्पष्ट बोला.

८. मोबाईल सारखा वाजतो. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींना उत्तर द्यायचं की काम करायचं?

दिवसातून दोन वेळा उत्तर द्या, दुपारी जेवल्यावर आणि संध्याकाळी सातला. मधल्या वेळेसाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. ते फुकट आहे. त्यात आपोआप जाणारा संदेश लावता येतो: "नमस्कार, सध्या काम चालू आहे, संध्याकाळी सातला उत्तर देते." भाव, वजन, पत्ता यांची तयार उत्तरंही साठवता येतात आणि मालाचे फोटो भावासकट कॅटलॉगमध्ये टाकता येतात. निम्मे प्रश्न "केवढ्याला?" एवढेच असतात, ते तिथेच संपतात.

ऑर्डर फोनवर आली तरी वहीत उतरवल्याशिवाय ती घेतली असं समजू नका. रेंज फक्त स्लॅबवर मिळत असेल तर ही दोन वेळांची सवय आणखीच सोयीची आहे.

९. ओळखीची माणसं "अर्जंट आहे" म्हणून येतात. त्यांना कसं टाळणार?

टाळू नका, त्यांच्यासाठी जागा ठेवा. आठवड्यात एक सकाळ मुद्दाम रिकामी सोडा आणि अर्जंट काम तिथेच बसवा, जास्तीचे पैसे आधी सांगून. नणंद असो की सरपंचीणबाई, भाव एकच. ती सकाळ भरली की नाही म्हणायचं. कोणी आलंच नाही तर मागे पडलेलं काम उरका. लग्नसराईत अशा दोन सकाळी ठेवा.

१०. तालुक्याच्या फेऱ्यांत दिवसच्या दिवस जातात. कसं कमी करू?

आठवड्याला एकच फेरी, बाजाराच्या दिवशी. दाराच्या मागे कागद लावा आणि संपत आलेली वस्तू संपायच्या आधी त्यावर लिहा. अस्तर, दोरे, पाकिटं, मिरं, बँक, पोस्ट, सगळं त्याच फेरीत. बचत गटात चार जणी सारख्याच धंद्यात असतील तर पाळीने एकीने जावं आणि चौघींचं सामान आणावं. तीन जणींचा दिवस वाचतो, आणि एकत्र घेतल्यावर भावही बरा लागतो.

कागदपत्रांसाठी होणाऱ्या फेऱ्याही तपासून बघा. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि मोबाईल हाताशी असेल तर घरातला बारावीचा पोरगा ती करून देतो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका आणि दिवसही घालवू नका.

११. लेकरू दीड वर्षाचं आहे. वरचं काहीच जमत नाही. माझं काय?

तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत. न तुटणारा तुकडा तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे प्रश्न १ मधलं ते अंग सोडून द्या. काम पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत फोडा. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात ही पद्धत विद्यार्थी असताना स्वतःसाठी बसवली होती: पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं उठायचं. लेकरू झोपलं की एका तुकड्यात एका ब्लाऊजचं कटिंग, दुसऱ्यात बाह्या. अर्ध्यात उठावं लागलं तरी पुढे काय ते चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचणीने लावा, म्हणजे परत बसल्यावर आठवत बसावं लागत नाही.

चीक शिजवणं, तेल तापवणं, मिरची कुटणं ही कामं जवळ दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय अजिबात करायची नाहीत. आणि ऑर्डरी कमी घ्या. अंगणवाडीत बसायचं वय तीन वर्षांचं आहे. तोवर धंदा छोटा राहिला तरी तो चालू आहे, ग्राहक टिकले आहेत, एवढं पुष्कळ झालं.

१२. गावात मयत झाली, घरात सुतक लागलं किंवा अचानक आजारपण आलं, आणि ऑर्डर द्यायची राहिली तर?

गावात मयत झाली की त्या दिवशी मशीन बंदच ठेवायची, यावर चर्चा नको. घरात सुतक असेल तर दहा-तेरा दिवस खाण्याचा माल करता येत नाही आणि बरेच ग्राहक घेतही नाहीत. म्हणून हंगामात गटातल्या एखाद्या बाईशी आधीच बोलून ठेवा: तुमच्या अडचणीत माझ्या हातून, माझ्या अडचणीत तुमच्या हातून. मिठाचं, पापडखाराचं माप एकमेकींना लिहून द्या. चव सारखी नाही आली तरी लग्नघर अडत नाही.

पाळीच्या दिवसांत पापड-लोणच्याला हात लावायचा नाही, ही अट काही घरांत अजून आहे. त्या दिवसांमुळे माल खराब होतो याला काहीही आधार नाही. हात आणि भांडी स्वच्छ हवीत, ते तर रोजच. महिन्याचे चार दिवस कामाला मुकणं हे धंद्याला परवडत नाही आणि मनालाही लागतं, म्हणून घरात यावर शांतपणे बोला. तोवर घर मानत नसेल तर ते दिवस हिशेब, वसुलीचे फोन आणि लेबलं लिहिण्यासाठी ठेवा, म्हणजे फुकट जाणार नाहीत.

आणि उशीर होणार हे ज्या दिवशी तुम्हाला कळलं त्याच दिवशी ग्राहकाला कळवा, माल द्यायच्या दिवशी नाही. किती तयार आहे, किती राहिलं आणि नवी तारीख कोणती, तिन्ही सांगा. तयार असेल तेवढा माल लगेच पाठवा, एसटीने पार्सल किंवा त्या गावाला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती. आगाऊ घेतलेले पैसे परत मागितले तर वाद न घालता द्या. फोन उचलायला जीव होत नसेल तर मुलाला किंवा नवऱ्याला बोलायला सांगा, पण तो फोन त्याच दिवशी झाला पाहिजे.